दादर ८८ कोटी, परळ २५ कोटी : शेजारच्या जागांचे भाव कसे ठरतात?

मंडळी, किन्हीराजात येऊन मुंबईतल्या घरांच्या किमतीवर बोलायचं, हे जरा विचित्रच वाटेल. पण इथल्या आणि आजूबाजूच्या गावांतली किती पोरं पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना कधी विचारा. ती सांगतील, रेल्वेचा पूल ओलांडला की तेवढ्याच खोलीचं भाडं बदलतं. असं का होतं, त्याचा इतिहास आज थोडा उलगडून पाहू.

सुरुवात २००५ सालापासून करतो. मुंबईतल्या बंद पडलेल्या सरकारी गिरण्यांच्या जागा राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं त्या वर्षी विकायला काढल्या. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाजवळची ज्युपिटर मिल, सुमारे ११ एकर, २७६ कोटींना गेली. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, साडेसतरा एकर, ७०२ कोटींना. आणि दादरला शिवसेना भवनासमोरची कोहिनूर मिल क्रमांक तीन, पाच एकरांहून थोडी कमी, ४२१ कोटींना. एकरी हिशोब काढा. पंचवीस कोटी, चाळीस कोटी आणि जवळपास ८८ कोटी. ही तीन स्टेशनं एकाला लागून एक आहेत. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला माणूस गप्पा मारत चालत जाईल.

आता यातला थोडा फरक लिलावांच्या क्रमाचा आहे, हे कबूल करायला हवं. पहिला सौदा झाला की पुढचे बोली लावणारे धीट होतात. लहान तुकड्याला एकरी भाव जास्त मिळतो, हेही खरं. इथल्या शेताच्या बाबतीतही तुम्ही ते पाहिलं असेल. पण तेवढ्यानं तिप्पट-साडेतिप्पट फरक पडत नाही. त्यासाठी शंभर वर्षं मागं जावं लागतं.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली. दाटीवाटीची वस्ती मोकळी करायची म्हणून १८९८ मध्ये सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. या ट्रस्टनं उत्तरेकडे दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले, प्लॉट पाडले, घरांमध्ये मोकळी जागा सोडायला लावली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी तिथं उभ्या राहिल्या. कारकून, शिक्षक, वकील अशी पगारदार माणसं राहायला आली.

आणि परळ? तिथं गिरण्या आधीच होत्या. १९२० मध्ये सरकारनं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याच्या चाळींना आजही बीडीडी चाळी म्हणतात. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. एका कुटुंबाला एक खोली, १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सामाईक. यातलं नायगाव दादरच्या त्या कॉलन्यांना जवळजवळ खेटूनच आहे. जमीन तीच, पाऊस तोच, सरकार तेच. एकीकडे प्लॉट आखले, दुसरीकडे खोल्या मोजल्या. भावातला फरक तिथं पेरला गेला, असं माझं मत आहे.

त्यावर मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. प्रमाणित भाडं धरलं गेलं १ सप्टेंबर १९४० चं. त्यावेळी ते गरजेचंच होतं. महायुद्ध आणि फाळणीच्या काळात भाडेकरूला रस्त्यावर काढणं सोपं झालं असतं. पण भाडं तिथंच थिजलं. मालक दुरुस्ती करेना, आणि खोली हातून हातात जायची ती पागडीवर, म्हणजे कागदावर एक व्यवहार आणि हातात दुसरा. १९९९ च्या नव्या कायद्यानं पागडीला मान्यता दिली, तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

या कायद्याला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. मी मात्र थोडा थांबतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं. पगार गेला, पुढं पुष्कळांची नोकरीही गेली. पण खोली गेली नाही, कारण भाडं होतं काही रुपये. त्या दहा बाय सोळाच्या खोलीनं कित्येक घरं तगवली. नंतर मुलींची लग्नं, आजारपणं आली, तेव्हा तीच खोली विकून माणसं डोंबिवली-विरारकडे गेली.

गिरणीच्या जमिनीचं काय झालं? १९९१ च्या नियमानं ठरवलं होतं की एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जागेला लागू राहिली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? सगळ्या जागेवर शेडच! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. ७०२ कोटींची ती मुंबई टेक्स्टाइल मिल २०१२ मध्ये पुन्हा विकली गेली, २,७२७ कोटींना. सात वर्षांत जवळपास चौपट. मातीत काही बदललं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं, आमचं काय? समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातून गेला, तेव्हा एकाच गोष्टीवर घरोघरी भांडणं झाली : शेजारच्या गावाला जास्त आणि आम्हाला कमी का? २०१३ चा भूसंपादन कायदा पाहा. बाजारभाव काढताना जवळच्या गावांतली मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं घेतात. त्यातली जास्त किमतीची निम्मी निवडून सरासरी काढतात, ती रेडी रेकनरशी ताडतात आणि जी रक्कम जास्त ती धरतात. म्हणजे तुमच्या शेताचा भाव तुमच्या शेजाऱ्यानं रजिस्ट्रीत काय लिहिलं यावरही ठरतो. आणि आपल्याकडे रजिस्ट्री कशी होते, हे मी सांगायला नको. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात कमी आकडा लिहितात, बाकीचे पैसे रोख. वाचतात काही हजार. पुढं त्या शिवारातून रस्ता किंवा कालवा जातो, तेव्हा तेच कागद टेबलावर येतात, आणि ज्यानं व्यवहार केलाच नव्हता त्या बांधापलीकडच्या माणसाचा मोबदला त्या आकड्यावरून ठरतो.