मिरजेचे तंतुवाद्यकार आणि त्यांचे ग्राहक

पेशवाईच्या अस्तानंतर शस्त्रांची मागणी ओसरली व मिरजेतील शिकलगारांचा परंपरागत व्यवसाय बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार तंबोरे घडवू लागले, ते या परिस्थितीत. या पालटाबरोबर ग्राहकाशी असलेले नातेही पालटले. शस्त्राची धार कारागीर स्वतः पारखू शके. तंबोऱ्याचा स्वर मात्र गायकाच्या कानाखेरीज सिद्ध होत नाही. त्याचा षड्ज ध्यानी घेऊनच वाद्याचे माप व तारांची जाडी ठरते. पुढे घोडीवरील जवारी तारांच्या घर्षणाने झिजते आणि ती नव्याने लावून घेण्यास गायक कारागिराकडे परततो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन लाभले, त्याने नावास संरक्षण मिळाले. नावामागील विश्वास मात्र जवारीने जोपासला. सबब या व्यवसायाच्या इतिहासात विक्रीइतकाच दुरुस्तीचाही विचार व्हावयास हवा.