सज्ञानतेचे वस्त्र : जपानच्या फुरिसोदेची कथा

जानेवारी महिन्यातील दुसरा सोमवार हा जपानमध्ये सार्वजनिक सुट्टीचा दिवस असतो. त्याचे नाव 'सेइजिन नो हि', म्हणजे सज्ञान झालेल्यांचा दिवस. त्या दिवशी पहाटेच्या अंधारात केशभूषेच्या दुकानांतून दिवे लागतात. वीस वर्षांच्या मुली एकामागून एक येऊन बसतात, केस बांधून घेतात आणि मग वस्त्रे नेसविणाऱ्या स्त्रीपुढे हात पसरून उभ्या राहतात. आतील रेशमी वस्त्र, त्यावर फुरिसोदे नावाचा लांब बाह्यांचा किमोनो, त्यावर ओबि हा रुंद कमरपट्टा, त्याला बांधणाऱ्या दोऱ्या, पायांत पांढरे मोजे आणि सपाट पादत्राणे. हा सारा साज चढविण्यास बराच वेळ लागतो आणि तो स्वतःचा स्वतःला चढविता येणे बहुतेकींना अशक्यच असते. मुलगे सूट घालतात किंवा हाकामा व हाओरि हा पारंपरिक पोशाख करतात.

या पोशाखांपैकी पुष्कळसे भाड्याचे असतात. नवा रेशमी फुरिसोदे विकत घ्यावयाचा तर कित्येक लाख येन मोजावे लागतात. म्हणून मुलगी शाळेत असतानाच दुकानांची रंगीत माहितीपत्रके घरी येऊ लागतात आणि वर्ष-दोन वर्षे आधी पोशाख राखून ठेवला जातो. आपल्या भाषेत 'उसने अवसान' हा शब्दप्रयोग निंदेनेच येतो. तेव्हा आयुष्यातील एका थोर दिवशी उसने वस्त्र अंगावर घालणे हे दिखाऊपणाचे लक्षण नव्हे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज येईल. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

प्राचीन जपानमध्ये दरबारी व पुढे सामुराई घराण्यांतील मुलांचा 'गेन्पुकु' नावाचा संस्कार होत असे. पुढे शोमु या नावाने सम्राट झालेल्या राजपुत्राचा गेन्पुकु इ. स. ७१४ मध्ये झाल्याची नोंद आहे. मुलाची केशरचना बदलत असे, त्याला प्रौढाचे नाव मिळत असे आणि त्याच्या मस्तकावर प्रथमच टोपी चढविली जात असे. सामुराईंमध्ये ही टोपी घालणाऱ्या वडीलधाऱ्या पुरुषाला 'एबोशि-ओया', म्हणजे टोपीचा पिता, म्हणत, आणि ते नाते पुढेही टिकून राही. मुलींचा संस्कार 'मोगि'. त्यात मागे लोळणारे घोळदार वस्त्र मुलीला प्रथम नेसवीत व त्याची कमरेची दोरी एखाद्या मान्यवर व्यक्तीच्या हातून बांधली जाई. वय मात्र निश्चित नव्हते. बारा-तेरा वर्षांचा मुलगाही प्रौढ ठरे. गोव्यात राहून पुढे जपानला गेलेला येशूसंघीय धर्मगुरू लुईस फ्रोइश याने १५८५ मध्ये युरोपीय व जपानी चालीरीतींची तुलना लिहून ठेवली आहे. युरोपात विसाव्या वर्षीही तरुण क्वचितच तलवार बाळगतो, तर जपानी मुले बाराव्या-तेराव्या वर्षीच ती कमरेला लावतात, याचे त्याला नवल वाटले होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) फुरिसोदे हे प्रौढत्वाचे चिन्ह नव्हते. ते कोवळ्या वयाचे चिन्ह होते. लोंबत्या बाह्यांचा किमोनो लहान मुलगे व मुली दोघेही वापरीत, आणि वयात आल्यावर किंवा लग्न झाल्यावर ती बाही आखूड करून शिवून टाकीत. काळाच्या ओघात मुलींच्या बाह्या लांबत गेल्या. आज सर्वांत लांब बाही सुमारे ११४ सेंटिमीटर भरते. जे वस्त्र एकेकाळी 'ही अजून लहान आहे' असे सांगत होते, तेच आज 'ही आता सज्ञान झाली' असे सांगते. परंपरा म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तिचा अर्थ कधीकधी असा उलटाही फिरलेला असतो.

उसन्या वस्त्राची रीतही काही आजची नाही. एदो शहरात 'सोनर्योया' नावाची दुकाने होती. 'सोनर्यो' म्हणजे वस्तूच्या झिजेबद्दल द्यावयाचे मोल. अंथरुणे, भांडी, समारंभाचे कपडे, इतकेच काय, लंगोटदेखील तेथे भाड्याने मिळत असे. दाटीवाटीच्या चाळींत राहणाऱ्या आणि वारंवार आगीला तोंड देणाऱ्या लोकांना वस्तूंचा साठा करणे परवडत नव्हते. जुन्या कपड्यांचा व्यापारही मोठा होता. १६५७ साली एदोचा बहुतांश भाग जाळणाऱ्या आगीला लोक 'फुरिसोदेची आग' म्हणतात. एकच फुरिसोदे एकामागून एक तीन मुलींच्या अंगावर आला, तिघीही अकाली वारल्या, म्हणून मंदिरात तो जाळण्यात आला आणि वाऱ्याने ती ज्वाला शहरभर पसरली, अशी ती दंतकथा. तिच्यावर इतिहासकार विश्वास ठेवीत नाहीत; परंतु एक वस्त्र तीन घरांतून फिरू शकते, ही गोष्ट ऐकणाऱ्यांना मुळीच अपरिचित नव्हती, एवढे तिच्यावरून कळते.

१८७६ च्या शासकीय आदेशाने सज्ञानतेचे वय २० ठरले व १८९६ च्या नागरी संहितेने ते कायम केले. गेन्पुकु मागे पडला. मग युद्ध आले. १९४० मध्ये चैनीच्या वस्तूंच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी आली आणि उंची किमोनोही तिच्या कक्षेत आले. पराभवानंतर शहरी कुटुंबे कपाटातील किमोनो एकेक करून खेड्यांत नेत व त्यांच्या मोबदल्यात तांदूळ आणीत. बांबूच्या कोंबाचे पापुद्रे सोलावे तसे हे जगणे, म्हणून त्याला 'बांबूच्या कोंबाचे जीवन' असे नाव पडले.

आजच्या समारंभाचा जन्म याच दारिद्र्यात झाला. २२ नोव्हेंबर १९४६ रोजी साइतामा प्रांतातील वाराबि या गावी तेथील तरुण संघाने, ताकाहाशि शोजिरो यांच्या पुढाकाराने, शाळेच्या पटांगणात तंबू उभारून वीस वर्षांच्या मुलामुलींचा सत्कार केला. ज्या पिढीने युद्धात तारुण्य गमावले, तिला 'तुम्ही आम्हांला हवे आहात' असे सांगण्याचा तो प्रयत्न होता. तो काळ रेशमाचा नव्हता, अन्नाच्या विवंचनेचा होता. १९४८ च्या कायद्याने १५ जानेवारी हा सुट्टीचा दिवस ठरला व २००० पासून तो दुसऱ्या सोमवारी आला. फुरिसोदेचे वैभव आर्थिक भरभराटीबरोबर नंतर आले. रोजच्या वापरातून किमोनो नाहीसा होऊ लागला तेव्हा विक्रेत्यांनी या एका दिवसाचा आधार घेतला.

त्या वैभवाची दुसरी बाजू ८ जानेवारी २०१८ रोजी उघडी पडली. योकोहामा येथील एका कंपनीने ऐन समारंभाच्या सकाळी दुकाने बंद ठेवली आणि आगाऊ पैसे भरलेल्या शेकडो मुली वस्त्राविना राहिल्या. बँकांच्या फसवणुकीबद्दल तिच्या प्रमुखास त्याच वर्षी शिक्षा झाली. पण त्या सकाळी आणखीही काही घडले. त्याच कंपनीच्या फुकुओका येथील कर्मचाऱ्यांनी आपण होऊन दुकान उघडले व मुलींना सजवून पाठविले. इतरत्र अन्य दुकानदार व वस्त्रे नेसविणाऱ्या स्त्रिया मदतीस धावल्या. ज्यांची त्या मुलींशी ओळखही नव्हती, त्यांच्या हातांनी त्यांचे ओबि बांधले.

१ एप्रिल २०२२ पासून सज्ञानतेचे वय १८ झाले. तरी बहुतेक नगरपालिका विसाव्या वर्षीच समारंभ करतात. अठराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा असतात, हे त्याचे एक कारण. तरुणांची संख्याही घटली आहे : १९७० मध्ये सुमारे २४ लाख ६० हजार तरुण सज्ञान झाले होते, २०२२ मध्ये सुमारे १२ लाख.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. भाड्याचे वस्त्र हा दोष नव्हे. टोपी चढविणारा पिता, दोरी बांधणारा मान्यवर, पहाटे ओबि बांधणारी स्त्री : सज्ञानतेचे वस्त्र जपानमध्ये नेहमी दुसऱ्याच्याच हातून अंगावर आले. ते कोणाच्या मालकीचे, याला फारसे महत्त्व नाही. दोष आहे तो, ज्या घराला भाडेही परवडत नाही तेथील मुलीने त्या दिवशी घरीच बसावे यात. वाराबिच्या तंबूत रेशीम नव्हते, तरी मुलामुलींचा सत्कार झालाच. त्या समारंभाची पारख करावयाची असेल, तर दारात आलेल्या साध्या पोशाखातील मुलीचे स्वागत कसे होते, हेच पाहावे लागेल.