पटावरची नावे, वर्गातली मुले : २०११ ची पटपडताळणी

१/ सोमवार, ३ ऑक्टोबर २०११. टिटवाळ्यापासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्रातील शाळांत त्या दिवशी एकच काम सुरू झाले : मुले मोजण्याचे. मोजणी बाहेरून आलेल्या पथकांकडे होती. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदाराच्या बोटाला लावतात तशी शाई लावली जात होती. तीन दिवसांची ही मोहीम म्हणजे ‘पटपडताळणी’. तिच्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/ शाई कशासाठी? कारण हजेरीपट हा केवळ नावांचा तक्ता नसतो. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर होते. पोषण आहाराचा तांदूळ प्राथमिक वर्गात रोज माणशी १०० ग्रॅम, उच्च प्राथमिक वर्गात १५० ग्रॅम. पुस्तके, गणवेश, अनुदान हेही पटावरूनच. पटावरचे प्रत्येक नाव ही सरकारी तिजोरीवरची हुंडी असते.

३/ ही व्यवस्था जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग खुला केला. १८६२ मध्ये इंग्लंडात अनुदान थेट मुलांची हजेरी आणि परीक्षेचा निकाल यांना जोडले गेले. त्याबरोबर खोट्या हजेरीचा प्रश्नही तेथे उभा राहिला. निकालावर अनुदान देण्याची पद्धत पुढे मुंबई इलाख्यातही आली.

४/ १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी या पद्धतीस विरोध केला. गरीब व अशिक्षित समाजात शिक्षण पसरवण्यास ती उपयोगी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी पट्टी घेतली जाते, पण तिचा लाभ त्याच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, हेही त्यांनी मांडले. पैसा कोणाचा आणि पोहोचतो कोठे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

५/ २०११ चा आरंभ नांदेडमध्ये झाला. जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी जिल्हाभर पट तपासला, तेव्हा एक लाखाहून अधिक नावांमागे मूल सापडले नाही. हा ‘नांदेड पॅटर्न’ मग राज्याने स्वीकारला.

६/ पद्धत साधी होती. सर्व शाळांत एकाच वेळी मोजणी, म्हणजे एका शाळेची मुले दुसरीत नेऊन बसवणे कठीण. शाई, म्हणजे एकच मूल दोनदा मोजले जाणार नाही. बाहेरची पथके, म्हणजे ज्याचा हिशेब, तोच तपासनीस अशी स्थिती नाही. हिशेब तपासणीचे हेच मूळ तत्त्व.

७/ राज्यभरात सुमारे २० लाख नावे बनावट असल्याचे समोर आले. सुमारे १,४०० शाळांत निम्मी मुलेही हजर नव्हती. या नावांवर पदे मंजूर होत होती, तांदूळ उचलला जात होता, अनुदान निघत होते.

८/ मात्र प्रत्येक गैरहजर मूल बनावट नसते. वीटभट्टीवर वा ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल पटावर असते, वर्गात नसते. मोहीम ५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपली. स्थलांतराचा मुख्य हंगाम त्यानंतरचा. तरीही एका दिवसाच्या मोजणीवरून शाळेवर आरोप ठेवण्यापूर्वी चौकशी आवश्यक होती. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, ही भीतीही काही नावे टिकवून ठेवत होती. संस्थाचालकाचा लोभ आणि शिक्षकाची धास्ती एकाच तक्त्यात मिसळली होती.

९/ खरी कसोटी मोजणीनंतरची होती. दोषी कोण, हे ठरवण्याचे काम पुन्हा शिक्षण विभागाकडेच आले; त्याच विभागाच्या अधिकाऱ्यांनी पूर्वी हे पट मान्य केले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. गुन्हे नोंदवण्याचे आदेश झाले, तरी कारवाई वर्षानुवर्षे रेंगाळली. मोजणी तीन दिवसांत झाली. जबाबदारी निश्चित होण्यास दशकही पुरले नाही.

१०/ पुढे ‘सरल’ प्रणाली आली, विद्यार्थ्यांची नोंद आधारशी जोडली गेली. पण २०२५ मध्ये नागपूर विभागात वेगळे प्रकरण गाजले : वेतनाच्या ‘शालार्थ’ प्रणालीत बनावट शिक्षकांची नावे घालून पगार उचलल्याचा आरोप. शासनाने विशेष तपास पथक नेमले. कागदी पटाची जागा संगणकाने घेतली, तरी नाव भरणारा आणि ते मंजूर करणारा एकाच साखळीत राहिला, तर जुनी वाट मोकळीच राहते.

११/ बनावट नावाची किंमत खरे मूल मोजते. टिटवाळ्याजवळच्या वीटभट्टीवरील कातकरी मुलाला हंगामी वर्ग हवा असतो, शिक्षक हवा असतो. कोणत्या गावात किती मुले आहेत, हेच खोटे लिहिलेले असेल, तर तो वर्ग कोठे उघडायचा हे शासनाला कळणार कसे? त्या तीन दिवसांत बोटांना लागलेली शाई प्रथम याच प्रश्नाचे उत्तर शोधत होती.