कमी वापराच्या मोटारीतील इंजिन ऑइल बदल

कमी वापराच्या मोटारीतील इंजिन ऑइल किलोमीटरची मर्यादा गाठली नसली, तरी ठरावीक काळाने बदलावे लागते. वाहन उत्पादक अंतर आणि काळ अशा दोन मर्यादा देतात. जी आधी पूर्ण होईल ती लागू होते. भारतातील अनेक मोटारींसाठी ती १०,००० किमी किंवा १ वर्ष अशी असते.

कारणे

इंधनाच्या ज्वलनातून पाण्याची वाफ तयार होते. थंड इंजिनात तिचा काही अंश आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पुरेसे तापल्यास हे घटक बरेचसे उडून जातात. छोट्या फेऱ्यांत मात्र ते साचतात. त्यातून आम्ल व गाळ तयार होऊन इंजिनाचे भाग गंजतात व झिजतात. उभ्या मोटारीचे इंजिन काही मिनिटे नुसते चालू ठेवल्याने ऑइल पुरेसे तापत नाही. केवळ रंगावरून ऑइलची स्थिती निश्चित सांगता येत नाही.

सोलापुरातील उदाहरण

सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किमी आहे. महिन्यातून एकदाच तेथे जाऊन येणारी मोटार वर्षाला सुमारे १,०८० किमी धावते. या गतीने १०,००० किमी पूर्ण होण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून अशा मोटारीस एका वर्षाची मर्यादाच लागू होते. या प्रवासात ऑइल पूर्ण तापते, त्यामुळे शहरातल्या शहरात होणाऱ्या छोट्या फेऱ्या त्याहून अधिक हानिकारक ठरतात. धूळ आणि उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमान यांमुळेही ऑइल लवकर बदलणे इष्ट असते.

विल्हेवाट

वापरलेले ऑइल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा जमिनीवर ओतू नये.