पाणी खोल, डचांची बोट आणि माझी एक चूक

गेल्या आठवड्यात मिरकरवाडा जेट्टीवर एक किस्सा घडला. बातमी होण्याएवढा मोठा नव्हता, म्हणून इथं लिहितोय.

एका बोटीची निघायची तयारी चालली होती. बर्फ भरून झाला, डिझेल झालं, पिण्याच्या पाण्याचे ड्रम भरले. उत्तर प्रदेशातून नवीनच आलेला एक पोरगा काठावर वाकून खाली काहीतरी बघत होता. तांडेल चाचा केबिनजवळून ओरडले, "अरे, पाणी खोल आहे!" पोरगा ताडकन उठला, धावत गेला आणि ड्रमचा नळ सोडून मोकळा झाला. हिंदीत 'खोल' म्हणजे 'उघड'. चाचांनी सांगितलं पाणी उघड, त्यानं उघडलं! नळ बंद करेपर्यंत अर्धा ड्रम डेकवर वाहून गेला.

चाचांनी कपाळावर हात मारला. बाजूला जाळं सारखं करत बसलेला नेपाळी खलाशी हसत हसत म्हणाला, "चाचा, हमारे यहाँ खोला मतलब नदी."

म्हणजे बघा. एकच शब्द, एकच डेक, आणि अर्थ तीन. खोल पाणी, उघडलेलं पाणी, वाहतं पाणी. आणि तिघांनाही वाटत होतं की आपल्याला शब्द बरोबर कळलाय.

हसून घरी आलो, पण डोक्यातून ते जाईना. कारण असल्या गमती आपल्या किनाऱ्यावर काही आजच्या नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर दोन गोरे व्यापारी समोरासमोर होते, इंग्रज आणि डच. दोघांच्या भाषा चुलत बहिणी, दोघांची लिपी रोमन. आणि तरी शब्दांची अशी गल्लत की विचारू नका.

आधी थोडा इतिहास. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची, डचांची १६०२ ची. आपल्याकडं इंग्रजांची वखार राजापूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. ही तीच वखार, जिच्यावर १६६१ साली शिवाजी महाराजांनी धाड घातली. कारण त्याआधी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेले होते. डचांची वखार खाली वेंगुर्ल्याला. ती इमारत आज पडझड झालेल्या अवस्थेत उभी आहे, वेंगुर्ल्याला गेलात तर जरूर बघा. युरोपी लोक तेव्हा वेंगुर्ल्याला 'मिंग्रेला' म्हणत. त्यांना आपली गावं उच्चारता येत नव्हती, आपल्याला त्यांचे देश. हिशेब बरोबर.

डचांना आपण काय म्हणायचो? वलंदेज. हा शब्द आला पोर्तुगिजांच्या 'ओलांदेज' वरून, म्हणजे हॉलंडवाला. 'इंग्रज' हाही पोर्तुगीज 'इंग्लेज' वरूनच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची नावं येतात, त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांच्याबरोबर 'डिंगमार' पण आहेत. डिंगमार म्हणजे कोण? डेन्मार्कवाले! डेन्मार्कचा डिंगमार करणाऱ्या माणसाला माझा सलाम.

गंमत अशी की डच आणि इंग्रज दोघेही पोर्तुगिजांचे हाडवैरी. पण बंदरात स्थानिक व्यापाऱ्याशी बोलायची वेळ आली की दोघांनाही मोडकी पोर्तुगीज वापरावी लागे, कारण ते शंभर वर्षं आधी येऊन बसले होते. म्हणून आजही आपण चावी, साबण, पगार म्हणतो. जेट्टीवर रोज पुकारला जातो तो 'लिलाव' सुद्धा पोर्तुगीजच. १६७४ साली हेन्री ऑक्झेंडन रायगडावर महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी आला, तेव्हा बोलणी करायला नारायण शेणवी हा दुभाष्या सोबत होता. दुभाष्या हे तेव्हा मोठं पद होतं. दोन माणसांच्या मध्ये उभं राहून एकाचा शब्द दुसऱ्याला नीट पोचवणं, यावर तह व्हायचे नाहीतर मोडायचे.

आता त्या डच-इंग्रजी गल्लतीकडं येऊ.

डच भाषेत आपल्या होडीला म्हणतात 'बोट'. अगदी आपण म्हणतो तसंच. पण लिहिताना बी, दोन ओ आणि टी. इंग्रज ते वाचणार 'बूट'. म्हणजे डच माणसानं लिहिलं की माझी बोट बंदरात आहे, तर इंग्रज पायाकडं बघणार! (आपण हसायचं कारण नाही. आपल्या मराठीत बोट समुद्रातही असते आणि हातालाही असते.)

डच माणूस 'वी' म्हणाला तर त्याचा अर्थ 'कोण'. इंग्रजाला ऐकू येणार 'आम्ही'. डच 'हू' म्हणाला तर अर्थ 'कसं'. इंग्रजाला ऐकू येणार 'कोण'. आता या दोघांना एका टेबलावर मिरीचा भाव ठरवायला बसवा.

डचमध्ये 'स्लिम' म्हणजे बारीक नव्हे, हुशार. 'स्लँग' लिहिलेलं दिसलं तर तो साप. 'मग' म्हणून जे वाचाल तो डास. इथवर ठीक आहे, हसून सोडून देता येईल. पण पुढचे दोन शब्द ऐका. 'ब्रँड' म्हणजे आग. आणि 'रॅम्प' म्हणजे संकट, मोठी आपत्ती. जहाजावर कुणी 'ब्रँड' म्हणून ओरडला आणि ऐकणारा इंग्रज माल कुठल्या कंपनीचा ते शोधत बसला, तर काय होईल सांगा.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'मॉन्स्टर'. इंग्रजीत राक्षस. डचमध्ये मालाचा नमुना. व्यापारी म्हणणार, आधी मॉन्स्टर दाखव मग भाव करू. जहाजावर चढणाऱ्या माणसांच्या यादीला डचमध्ये 'मॉन्स्टर-रोल' म्हणतात. ओळखीचं वाटलं का? इंग्रजीतला 'मस्टर रोल'! दोघांचं मूळ एकच, लॅटिनमधला 'दाखवणे' या अर्थाचा शब्द. तोच मस्टर आपल्या रोजगार हमीच्या कामावर आला. बांधावर माती उचलणाऱ्या आमच्या आयाबाया "मस्टरवर नाव लागलं का?" म्हणून विचारायच्या, तेव्हा त्या युरोपातल्या खलाशांच्या यादीचाच शब्द वापरत होत्या. मस्टरवर नाव नाही तर मजुरी नाही. हा नियम जहाजावरही तोच होता.

दर्यावर इंग्रजांनी डचांचे किती शब्द उचलले बघा. स्किपर, डेक, फ्रेट, यॉट, सगळे मूळचे डच. जेट्टीवर पोरं एकमेकांना 'बॉस, जरा सरक' म्हणतात ना, तो बॉसही डच 'बास', अमेरिकेमार्गे आलेला. आणि एवढं घेऊन इंग्रजांनी परतफेड काय केली? सतराव्या शतकात डचांशी तीन दर्यायुद्धं केली आणि भाषेत त्यांची टिंगल करून ठेवली. दारू पिऊन आलेलं शौर्य म्हणजे डच करेज, न कळणारी बडबड म्हणजे डबल डच. आपण हॉटेलात टीटीएमएम करतो, तुझं तू माझं मी, त्याला ते म्हणतात गो डच. अहो, 'डच' हे नावच मुळात गल्लतीचं. तो शब्द जर्मनांच्या 'डॉइच' चा भाऊ. नेदरलँड्सचे लोक स्वतःला असं म्हणत नाहीत. आपला वलंदेज त्यापेक्षा बरा होता. आपण तो सोडला आणि इंग्रजांचा घेतला.

असो. आता माझी चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून नवीनच नोकरीला लागलो होतो. रात्री उशिरा एक हिंदी प्रेसनोट आली. एका बंदरातलं काम मच्छीमारांच्या 'आपत्ति' मुळं थांबवलं, असा मजकूर. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. मला दोन्ही अर्थ माहीत होते. पण रात्रीचे साडेअकरा, पान सोडायची घाई, शब्द ओळखीचा दिसला आणि हात चालत गेला. सकाळी छापून आलं, 'मच्छीमारांवर आपत्ती, बंदरातले काम थांबले'.

तेव्हा सगळ्या बोटींवर फोन लागत नव्हते. आठ वाजता जेट्टीवर गेलो तर बायका जमलेल्या. एक मावशी पेपर हातात घेऊन उभ्या होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं, कुणीतरी मथळा वाचून दाखवला होता. त्यांचा मुलगा दोन दिवसांपूर्वी बाहेर गेलेला. मला म्हणाल्या, "बाबा, तू पेपरवाला ना? कुठली बोट ते लिहिलंय का यात?"

मी सांगितलं, मावशी, काही झालेलं नाही, माझी चूक झाली. त्यांना ते पटेना. छापलंय म्हणजे काहीतरी असणारच ना. मुलगा संध्याकाळी आला, सुखरूप. तोवर त्या जेट्टीवरून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. ती त्या मावशींना कुणी वाचून दाखवली असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. परका शब्द धोक्याचा नसतो, कारण तो कळला नाही की माणूस विचारतो. धोक्याचा असतो तो ओळखीचा दिसणारा शब्द. तिथं आपण विचारतच नाही.

आणि आज मिरकरवाड्यात नेमकी हीच स्थिती आहे. आपल्या बोटींवर नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेश, कुठून कुठून माणसं येतात. नेपाळी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहितात, आपल्यासारखीच. म्हणून आपण धरून चालतो की मराठीत लिहिलेली सूचना त्यांना कळते. अक्षरं लागतात हो, पण अर्थ? हिंदीवाल्याला 'शिक्षा' म्हणजे शिक्षण वाटतं आणि 'यातायात' म्हणजे रहदारी. आपण 'उद्या' आणि 'काल' वेगळे ठेवतो, हिंदीत दोन्हीला 'कल'. मालक म्हणाला "कल का पैसा", तर कुठल्या कलचा? यावरून झालेली भांडणं मी डोळ्यांनी बघितली आहेत.

जुन्या दर्यावर्दी लोकांना हे कळलं होतं. म्हणून बंदरात बावटा लागतो. तीन नंबरचा बावटा लागला की वादळी वाऱ्याचा धोका. दिवसा आकाराची खूण, रात्री दिवे. त्यात शब्दच नाही, त्यामुळं गल्लत नाही. मराठी असो, कन्नड असो, नेपाळी असो, तीन म्हणजे तीन.

पण बावटा बंदरात असतो, बोट बाहेर असते. बाहेर माणसाचा शब्दच कामाला येतो. म्हणून मालक आणि तांडेल मंडळींना एवढंच सांगणं आहे. नवा खलाशी बोटीवर आला की पहिल्या दिवशी दहा शब्द त्याच्याकडून म्हणवून घ्या. आग, दोर, सोड, धर, थांब, खोल, उडी, जॅकेट, इंजिन, वारा. त्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात तेही विचारा. आणि बोटीच्या यादीत त्याचं पूर्ण नाव लिहा, त्याच्या तोंडून विचारून. नुसतं 'बहादूर' लिहू नका. वेळ आलीच तर त्या यादीवरूनच त्याच्या घरी कळवायचं असतं.

चाचांनी बाकी त्या पोराला नीट समजावलं. आता तो जेट्टीवर सगळ्यांना सांगत फिरतो, "पाणी खोल मतलब गहरा, नल नहीं खोलने का."

तुमच्याकडं असे फसवे शब्द असतील तर खाली लिहा. हसायला होईल, आणि कुणाच्या तरी कामाला पण येईल.