पानिपतचे यात्रेकरू

इ. स. 1719 च्या फेब्रुवारीत, बादशाह फर्रुखसियर पदच्युत होत असता, बाळाजी विश्वनाथाबरोबर दिल्लीस गेलेली मराठी फौज शहरातील दंग्यात सापडली. त्या दिवशी जी माणसे पडली, त्यांत बाळाजी महादेव भानू हे होते. पुढे बेचाळीस वर्षांनी त्यांचेच नाव धारण करणारा नातू, बाळाजी जनार्दन, म्हणजेच नाना फडणीस, दिल्लीच्या उत्तरेस पानिपतावर अडकला. वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आई आणि पत्नी यांसह तो निघाला होता, तो लढावयास नव्हे; तीर्थयात्रेस.

कर्ता पुरुष ज्या नगरीत गमावला, त्याच दिशेस स्त्रियांना घेऊन जाण्याचे धाडस या कुटुंबाने का करावे? उत्तर त्या काळच्या वाटांत आहे. चौक्या, जकाती, पेंढारी, ठग. उत्तरेची यात्रा एकट्यादुकट्याची नव्हतीच. मोठी फौज निघाली की तिच्या आश्रयाने तीर्थे साधावयाची, ही दक्षिणेची रूढ रीत. शिवाय 1760 च्या आरंभीचा उदगीरचा विजय ताजा होता.

धोका ओळखला तो सूरजमल्ल जाटाने. बायकामुले आणि जड सामान मागे ठेवून सड्या फौजेनिशी लढावे, असा सल्ला त्याने दिल्याचे काशिराज पंडिताच्या फारसी वृत्तान्तात आहे. तो मानला गेला नाही. याचे खापर सामान्यतः भाऊसाहेबांच्या गर्वावर फोडले जाते. परंतु हे अर्धेच सत्य होय. जाटाच्या किल्ल्यांत कुटुंबे ठेवणे म्हणजे त्याच्या हाती ओलीस देणे, असे दक्षिणी सरदारांना वाटले असल्यास नवल नाही. त्याच जाटाने पुढे पळून आलेल्यांना अन्नवस्त्र दिले. पण त्याची पारख होण्यास पराभव घडावा लागला.

ऑक्टोबरात कुंजपुरा पडला. कुरुक्षेत्र समोर दिसू लागले, तोच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट बंद झाली. नोव्हेंबरपासून पानिपतावर छावणी पडली. ज्यांना फौजेने सांभाळावयाचे, ती आता खाणारी तोंडे झाली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली. आणि 14 जानेवारी 1761 रोजी उपाशी सैन्य बाहेर पडले.

या प्रसंगाचे मराठीत दोन प्रकारचे गद्य आहे. ‘भाऊसाहेबांची बखर’ महाभारताच्या थाटाने बोलते. तिचा वाचक रणांगणावर उभा असतो. नानाचे छोटे आत्मवृत्त त्याहून निराळे. ज्या मोकळेपणाने त्याने आपल्या तारुण्यातील विषयवासना कबूल केली, त्याच मोकळेपणाने त्याने आपले पलायनही लिहिले आहे. वीरश्रीचा आव नाही, सबबी नाहीत. मराठी आत्मचरित्राचा आरंभ शोधणाऱ्याने एखाद्या पराक्रम्याच्या नव्हे, तर या भ्यालेल्या यात्रेकरूच्या पानांपाशी थांबावे, हे उचित.

अंगावरची वस्त्रे टाकून, लंगोटीनिशी, झाडपाला खात तो पश्चिमेकडे चालत राहिला. रेवाडीस त्याला आसरा मिळाला. पत्नी पुढे भेटली. आई परतली नाही.