हिंगोली छावणी

हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या फौजेचे मराठवाड्यातील ठाणे. हिंगोली शहरातील पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे त्या काळातली.

1798 व 1800 च्या तहांनी निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. कंटिन्जंट तिच्याहून वेगळी. रेसिडेंट हेन्री रसेल याने उभारलेल्या ब्रिगेडमधून ती वाढली. शिपायांचा पगार निजामाचा, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. 1819 मध्ये नोवा गढीला वेढा घालून निजामाच्या या फौजेने हटकर सरदार नोवसाजी नाईक याचे बंड मोडले. गढीच्या शिबंदीत अरब शिपाईही होते.

लढायांपेक्षा पगारच निजामाला जड गेला. तो भागवायला विल्यम पामर कंपनीकडून भरमसाट व्याजाने कर्जे काढली गेली. पुढे थकबाकी फुगली आणि 1853 मध्ये वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. धाराशिव, रायचूर 1860 मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र 1902 च्या कराराने, वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर, कायमच्या पट्ट्याने गेले. ज्या फौजेवर आपला ताबा नाही तिच्यासाठी राज्याचा सुपीक कापूसपट्टा द्यावा लागणे, हा सरळ अन्याय होता आणि त्याचा भार रयतेने वाहिला.

1903 मध्ये कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली.